व्रत आणि काम: कॅथलिक संन्यस्त पुरुषांचे संघ

जयसिंगपुरातून सांगलीकडे निघाले, उदगाव मागे टाकले आणि कृष्णेवरचा अंकलीचा पूल ओलांडला, की कोल्हापूर जिल्हा संपतो. कॅथलिक चर्चच्या नकाशातली एक रेघही तिथूनच जाते. नदीच्या पलीकडची सांगली पुणे धर्मप्रांतात आहे. अलीकडचे जयसिंगपूर २००५ पासून सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येते. कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे तीन जिल्हे त्या वर्षी पुण्यापासून वेगळे काढले गेले आणि नव्या धर्मप्रांताचे मुख्य ठाणे सावंतवाडीला झाले. धर्मप्रांताचा प्रमुख म्हणजे बिशप. वसईकडे त्यांना महागुरुस्वामी म्हणतात. त्यांच्या हाताखाली धर्मग्रामांचे फादर असतात. ते त्या प्रांतासाठीच दीक्षित झालेले असतात आणि बहुधा जन्मभर त्याच प्रांतात सेवा करतात.

पण कॅथलिक चर्चमध्ये याहून वेगळी, नदी-नाल्यांच्या आणि जिल्ह्यांच्या रेघा न मानणारी एक व्यवस्था आहे. संन्यस्तांचे संघ ही ती व्यवस्था. जेजुइट, फ्रान्सिस्कन, कॅपुचिन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, कार्मेलाइट, सेलेशियन ही नावे शाळा-कॉलेजांच्या निमित्ताने आपल्या कानांवरून गेलेली असतात. या संघांतला माणूस एखाद्या जिल्ह्याचा नसतो, संघाचा असतो. त्याचे वरिष्ठ त्याला आज पुण्यात तर उद्या जपानात पाठवू शकतात. बाहेरून दोघेही 'फादर'च, म्हणून हा फरक लक्षात येत नाही. उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे धर्मप्रांताचे धर्मगुरू होते, कोणत्याही संघाचे नव्हते. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स मात्र जेजुइट संघाचे होते. या दोन फादरांची नेमणूक, शिस्त, पैशाशी असलेले नाते, सगळेच वेगळे.

शिरोळ तालुक्यातल्या वाचकाला संन्यास समजावून सांगावा लागत नाही. नृसिंहवाडीच्या घाटावर दंडधारी स्वामी पाहत आपण मोठे झालो. नांदणीच्या मठात भट्टारकांची गादी आहे. भोजच्या आचार्य शांतिसागर महाराजांनी विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला पुन्हा बळ दिले, ते याच परिसरातून. आपल्याकडच्या जैन घरांतल्या शाळकरी मुलालाही क्षुल्लक, ऐलक आणि मुनी यांतला भेद ठाऊक असतो. कोणी किती वस्त्रे ठेवायची, आहार कसा घ्यायचा, चातुर्मासात कुठे थांबायचे, हे त्याने घरात पाहिलेले असते. त्यामुळे ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे शब्द इथे पुस्तकी नाहीत. कॅथलिक संघांतही तीन व्रते आहेत: ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. पहिली दोन आपल्याला ओळखीची. तिसरे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या संघांचे सगळे काम त्याच्यावर उभे आहे.

जैन मुनी घर सोडतो तो कर्मबंधातून सुटण्यासाठी. कॅथलिक संन्यस्तही आत्म्याचा विचार करतोच. पण त्याने घर सोडलेले असते ते कुणीतरी त्याला कामावर पाठवावे, आणि तो मोकळा असावा, म्हणून. बायको-मुले नाहीत, स्वतःच्या नावावर जमीन नाही, कुठे राहायचे याचा हट्ट नाही. अशा माणसाला ज्या गावात कोणी जायला तयार नाही तिथे पाठवता येते. जेजुइट तर पोपने सांगितलेल्या कामगिरीवर जाण्याचे चौथे व्रतही घेतात. व्रतांचा अर्थ कामात शोधायचा, ही या परंपरेची किल्ली आहे असे मी मानतो. ती हातात घेतली की कोणता संघ काय करतो आणि का करतो, हे बरेचसे उलगडते.

हे सगळे एकदम घडलेले नाही. सहाव्या शतकात इटलीच्या संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिला. त्यात एकाच मठात जन्मभर राहण्यावर भर होता. प्रार्थना आणि अंगमेहनत हा तिथला दिनक्रम. तेराव्या शतकाच्या आरंभी शहरे वाढली, बाजारपेठा आल्या. तेव्हा असिसीच्या फ्रान्सिसने आणि स्पेनच्या डॉमिनिकने मठाच्या भिंती ओलांडून भिक्षेवर जगणारे, गावोगाव उपदेश करणारे संघ काढले. फ्रान्सिस्कन गरिबीसाठी ओळखले गेले, डॉमिनिकन विद्येसाठी. पुढे फ्रान्सिस्कनांतल्याच काहींना मूळ साधेपणा हरवल्यासारखे वाटले आणि १५२८ मध्ये कॅपुचिन शाखा निघाली. १५४० मध्ये पोप तिसऱ्या पॉलने इग्नेशियस लोयोलाच्या जेजुइट संघाला, म्हणजे येशूसंघाला, मान्यता दिली. या संघाने ठरलेला पोशाख आणि एकत्र बसून गायची दैनंदिन प्रार्थना दोन्ही सोडून दिले, कारण प्रवासात त्यांचा अडसर होतो. प्रत्येक संघ कुठल्यातरी निकडीतून जन्मला आणि ती निकड त्याच्या स्वभावात उतरली.

दारिद्र्याचे व्रत कायद्याच्या भाषेत कसे दिसते, याचे ताजे उदाहरण आपल्याच देशातले आहे. अनुदानित शाळेत शिकवणारे संन्यस्त फादर किंवा सिस्टर सरकारकडून पगार घेतात, पण तो पगार संघाच्या खात्यात जातो. चर्चच्या कायद्याप्रमाणे त्या व्यक्तीचे स्वतःचे काहीच नसते. मग त्या पगारातून आयकर कापायचा का? तामिळनाडू आणि केरळमधून हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितले की पगार व्यक्तीला मिळतो, पुढे तो ती कुणाला देते हा तिचा प्रश्न, म्हणून कर कापलाच पाहिजे. निकाल मला योग्य वाटतो. पण पगाराच्या स्लिपवर नाव एकाचे आणि पैसा सगळ्यांचा, हे जगणे किती जण खरोखर जगत आहेत, ते त्या खटल्यामुळे अनेकांना पहिल्यांदा कळले.

संघांतले सगळे पुरुष फादर नसतात, हे तर आणखी कमी लोकांना माहीत असते. ब्रदर म्हणजे तीच तीन व्रते घेतलेला, पण धर्मगुरूची दीक्षा न घेतलेला माणूस. तो मिस्सा अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. तो सुतारकाम करतो, दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करतो, शाळेची वर्कशॉप चालवतो, शेती पाहतो, स्वयंपाकघर सांभाळतो. काही संघ तर केवळ ब्रदरांचेच आहेत. मदर तेरेसांच्या परंपरेत १९६३ मध्ये कोलकात्यात निघालेला मिशनरीज ऑफ चॅरिटी ब्रदर्सचा संघ हा त्यांतलाच. ब्रदरांविषयी फारसे लिहिले जात नाही, आणि हा मोठा अन्याय आहे, कारण भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत ब्रदर होता आणि तो आपल्या वसईचा होता.

गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई कोकणातली. वसईच्या जेजुइटांकडे तो शिकला आणि कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथे भाषा त्याने अशी आत्मसात केली की धर्मशिक्षणाचे काम त्याच्याकडे आले. जेजुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग तो व्यापारी झाला, चांगला पैसा मिळवला, आणि शेवटी फिलिपिन्समधल्या मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. फिलिपिन्सच्या गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून पाठवले, तेव्हा बरोबर दुभाषा हवा होता. गोन्सालो गेला. जपानच्या त्या दरबारात स्पेनच्या धर्मगुरूचे म्हणणे वसईचा हा ब्रदर जपानीत मांडत होता. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. गोन्सालोला आणि त्याच्या सोबत्यांना पकडले, कान कापून गावोगाव फिरवले, भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत शेकडो मैल चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर चढवले. १८६२ मध्ये पोपने या सर्वांना संतपद दिले. वसईत गासच्या चर्चला आणि तिथल्या महाविद्यालयाला त्याचे नाव आहे. वसईबाहेरच्या मराठी माणसाला मात्र ते फारसे ठाऊक नाही. शालेय इतिहासात त्याला दोन ओळी मिळाल्या पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

गोन्सालो नागासाकीला गेला त्याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट गोव्यात साष्टीतली भाषा शिकत होता. तो १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत, चाळीस वर्षे, तिथेच राहिला. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जेजुइट होणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. मायदेशी परतण्याचा त्याचा मार्ग जवळजवळ बंदच होता. त्याने इथल्या नवख्रिस्ती लोकांसाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते दोन भागांत आहे आणि १६१६ मध्ये राचोल इथे छापले गेले. आपली संतवाङ्मयातली ओवी त्याने किती सहजपणे उचलली, हे वाचताना जाणवते. आपली जुनी पुराणे गेली, आता वाचायला काय आहे, असे लोक विचारत होते. त्या मागणीतून हा ग्रंथ आला. देवनागरी अक्षरांचे खिळे पाडून मिळावेत म्हणून स्टीफन्सने १६०८ मध्ये रोमला, संघाच्या प्रमुखांना लिहिले होते. ते झाले नाही. मराठीचे एवढे मोठे काव्य रोमन लिपीत छापावे लागले. त्याने लिहिलेले कोकणी व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेच्या पहिल्या छापील व्याकरणांत त्याची गणना होते.

त्याच्यानंतर एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच जेजुइटाने संत पीटरवर मराठीत पुराण लिहिले. स्टीफन्सच्या ग्रंथाच्या पुढच्या आयुष्यातही संघांचा हात राहिला. १६१६ च्या आवृत्तीची एकही प्रत आज सापडत नाही. नंतरच्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाणांनी ते पुन्हा छापले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरीत आणले. पुढे जेजुइट फादर कारिदाद द्रागो आणि सेलेशियन फादर नेल्सन फलकाव यांनी नव्या आवृत्त्या सिद्ध केल्या. फलकावांच्या आवृत्तीत आजच्या मराठीतला अर्थही आहे. जेजुइटाच्या ग्रंथासाठी सेलेशियनाने वर्षानुवर्षे द्यावीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या वैभवाबरोबरच त्या काळाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. पोर्तुगीज सत्ता आणि संघ हातात हात घालून आले होते. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. त्या भागातल्या धर्मप्रसाराची जबाबदारी जेजुइटांकडे होती. १५६० ते १८१२ या काळात, मधली थोडी वर्षे सोडली तर, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालू होते आणि त्याच्या न्यायपीठावर डॉमिनिकनही बसले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेजुइटांना ठार मारले. त्यांत रोदोल्फो आक्वाविवा होते, जे काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतले होते. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावकारांना कपटाने मारले. हे दोन्ही मृत्यू आठवणीत ठेवून मगच 'ख्रिस्तपुराण' वाचावे. सत्तेच्या आश्रयाने आलेला संघ आणि भाषेच्या आश्रयाने राहिलेला संघ हे एकाच घरात होते. मला दुसरा टिकाऊ वाटतो, आणि इतिहासाचाही कौल तसाच आहे.

कारण सत्तेवर उभ्या राहिलेल्या इमारती पडल्या. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेजुइट, डॉमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चारही संघांची चर्चे आणि मठ होते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि तो अध्याय मिटला. तिथून आलेल्या घंटा नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि इतरत्र आजही टांगलेल्या आहेत. वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूसह मारिया आणि १७०७ हा आकडा दिसतो. पुढचा घाव खुद्द पोर्तुगालनेच घातला. १७५९ मध्ये जेजुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकलले. १८३४ च्या हुकुमाने उरलेले सर्व पुरुषसंघ बरखास्त झाले. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियनांच्या प्रचंड चर्चचा आता फक्त एक मनोरा उभा आहे. त्या ऑगस्टिनियन संघाचे रॉबर्ट प्रेव्होस्ट ८ मे २०२५ रोजी पोप चौदावे लिओ झाले. त्यांच्या आधीचे पोप फ्रान्सिस जेजुइट होते. संघातले दोन पोप लागोपाठ येणे आधुनिक काळात कधी घडले नव्हते.

ब्रिटिश मुलखात संघ नव्याने आले. मुंबईची जबाबदारी आधी कार्मेलाइटांकडे होती, मग कॅपुचिनांकडे आणि १८५० च्या दशकात जर्मन जेजुइटांकडे. त्यांनी पुण्यात १८६७ मध्ये सेंट व्हिन्सेंट्स शाळा आणि मुंबईत १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज काढले. बेळगावचे सेंट पॉल्स १८५६ चे. इंग्रजी शाळा काढून प्रतिष्ठा मिळवणारे संघ, अशी जी प्रतिमा आपल्या मनात आहे ती या शाळांमुळे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण त्याच जर्मन जेजुइटांनी नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, केंदळ, संगमनेर, वळण, राहुरी या भागात मराठीतून काम उभारले. तिथले लोक बहुतेक दलित समाजातले होते. १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी त्यांच्यासाठी 'निरोप्या' हे मराठी मासिक सुरू केले. ते चार वर्षांनी पुण्याचे बिशप झाले. १९२१ मध्ये त्यांची नेमणूक थेट हिरोशिमाला झाली, १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याला आले आणि १९४८ पर्यंत राहिले. मराठी मासिकाचा संपादक साठीच्या वयात जपानला जातो आणि सांगितले की परत येतो. आज्ञापालनाचे व्रत म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. 'निरोप्या' मासिक पुढे पुण्यातल्या जेजुइटांच्या स्नेहसदनातून निघत राहिले. ज्या स्नेहसदनात फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी हिंदू-ख्रिस्ती संवादाची परंपरा रुजवली, ते शनिवार पेठेत आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे.

इथे आपल्या शेजारच्या मिरजेशी तुलना केली तर संघ म्हणजे काय ते आणखी स्पष्ट होईल. मिरजेचे मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारले. ते प्रेस्बिटेरियन होते, म्हणजे प्रॉटेस्टंट. त्यांच्या पंथात संन्यस्तांचे संघ नसतात. मिशनरी कुटुंबासह येतो, मिशनचे मंडळ त्याला पगार देते, नोकरी संपली की तो मायदेशी जातो. वानलेस यांचे उपकार या भागावर डोंगराएवढे आहेत आणि वानलेसवाडी हे नाव ते दाखवतेच. कॅथलिक संघाची चाल निराळी. माणूस एकटा येतो, पगार नाही, निवृत्ती नाही, आणि एक गेला की त्याच्या खुर्चीत दुसरा बसतो. एका माणसाच्या आयुष्याहून लांब चालणाऱ्या कामाला ही व्यवस्था सोयीची ठरते. मातीचे काम असे असते.

फादर हर्मन बाखर हे १९२४ मध्ये जन्मलेले स्विस जेजुइट. १९४८ मध्ये भारतात आले आणि नगर जिल्ह्यात काम करू लागले. १९६० च्या दशकात त्यांनी अहमदनगरला सोशल सेंटर उभे केले: विहिरी, कर्जे, बियाणे, शेतीचे प्रशिक्षण. मग १९७२ चा दुष्काळ आला. विहीर खोदून दिली तरी भूजलच नसेल तर विहीर कोरडीच राहते, हे त्या काळाने शिकवले. पाणी अडवायचे तर डोंगरमाथ्यापासून सुरुवात करून पायथ्याकडे यायचे, आणि ते सारे गाव एकत्र आल्याशिवाय होत नाही, या निष्कर्षावर बाखर आले. यातून १९८९ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. जर्मन सरकारचा पैसा नाबार्डमार्फत येणार, काम गावाची पाणलोट समिती करणार. १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी त्यासाठी वॉटर ही संस्था स्थापन केली.

या कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. माथ्यावर सलग समतल चर, उतारावर बांधबंदिस्ती, झाडे, आणि मग खाली ओढ्यावर बंधारे, हा क्रम मोडायचा नाही. चराईबंदी शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्यांना सर्वांत जड जाते, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकून, टप्प्याटप्प्याने डोंगर बंद करायचा. संगमनेर तालुक्यातले टँकरवर जगणारे दरेवाडी या कामातून बदलले आणि तिथे प्रशिक्षण केंद्रही उभे राहिले. शेकडो गावांचे लोक तिथे शिकून गेले. या कार्यक्रमात कुणाला धर्म विचारला गेला नाही. बाखर २०२१ मध्ये ९७ व्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये वारले. नगरकडच्या गावांत त्यांचे नाव 'बाखर बाबा' असेच घेतले जाते. आमच्या शिरोळ तालुक्यात पाण्याचे दुखणे उलटे आहे. अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या, आणि २००५ व २०१९ च्या महापुरांनी घरेही गेली. तरीही बाखर यांचा मूळ धडा, की पाणी ही एकट्या शेतकऱ्याची बाब नाही, सगळ्या शिवाराची आहे, तो इथेही तितकाच लागू पडतो आणि आपण तो अजून पुरता घेतलेला नाही.

इतर संघांचे काम थोडक्यात सांगतो. फ्रान्सच्या आनसी इथे १८३८ मध्ये निघालेले फ्रान्सेलियन नागपुरात आणि मराठवाड्यात घोगरगाव भागात रुजले. इटलीच्या तुरिनमध्ये कामगार वस्तीतल्या पोरांसाठी डॉन बॉस्को यांनी १८५९ मध्ये सुरू केलेला सेलेशियन संघ आजही तरुणांच्या व्यवसायशिक्षणावर भर देतो. मुंबईत वडाळ्याचे शेल्टर डॉन बॉस्को रस्त्यावरच्या मुलांसाठी आहे. केरळात १८३१ मध्ये निघालेल्या सीएमआय संघाने चंद्रपूरकडे शाळा-दवाखाने चालवले. गोव्याच्या मातीतला संघ म्हणजे पिलारचा. तो १८८७ मध्ये आगोंद इथे सुरू झाला, १९३९ मध्ये पुन्हा उभा राहिला. वांद्र्याचा फादर अ‍ॅग्नेल आश्रम आणि त्याची तंत्रशिक्षणाची महाविद्यालये त्याच संघाची. ज्यांच्या नावाने ती आहेत ते फादर आग्नेल डिसोझा हणजूणचे. त्यांचा मृत्यू १९२७ मध्ये झाला. जर्मन फादर जॉर्ज प्रोक्श यांनी अंधेरीला ज्ञान आश्रमात ख्रिस्ती कथा भारतीय संगीत आणि नृत्यातून मांडल्या. ते दिव्य शब्द संघाचे, म्हणजे एसव्हीडीचे.

आज युरोपातून नवे मिशनरी येत नाहीत. तिथले मठ ओस पडत चालले आहेत आणि उलट भारतीय फादर जर्मनीतल्या धर्मग्रामांत नेमले जातात. जगातल्या कोणत्याही एका देशापेक्षा भारतात आज जेजुइट अधिक आहेत. पण इथेही घरात एक-दोनच मुले असतात, त्यामुळे संघाला मुलगा देणारी कुटुंबे कमी होत आहेत. ब्रदरांची संख्या त्याहून वेगाने घटते आहे, कारण हुशार मुलाला घरचे लोक फादर हो म्हणतात, ब्रदर हो म्हणत नाहीत. जगभर उघडकीला आलेल्या बाललैंगिक अत्याचारांनी संघांवरच्या विश्वासाला मोठा तडा गेला, आणि जिथे वरिष्ठांनी प्रकरणे दाबली तिथे हा दोष व्यवस्थेचाच आहे. आज्ञापालनाचे व्रत गप्प बसण्याचे व्रत होता कामा नये. ही गोष्ट संघांतल्या प्रामाणिक माणसांनीच आता मोठ्याने बोलायला सुरुवात केली आहे.

मराठीत या सगळ्याचा इतिहास फार थोडा लिहिला गेला आहे. जो आहे तो बराचसा जर्मन, पोर्तुगीज आणि इंग्रजी अहवालांत अडकलेला आहे. लोकांच्या बाजूने तो सांगणारी साधने घराघरांत आहेत: 'निरोप्या'चे जुने अंक, मिशन शाळेचे दाखले, बाप्तिस्म्याची प्रमाणपत्रे, गावच्या फादरांनी लिहिलेली पत्रे. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, बेळगाव, नगर, वसई, कुठेही आपल्या घरात असे कागद असतील तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात द्या, किंवा निदान त्यांचे फोटो काढून ठेवा आणि मागे नाव-गाव-साल लिहा.